‘कवा लागलं असंल?’ : शिरोलीच्या एका जोडप्याचं प्रकरण

जननेंद्रियावरच्या चामखिळीचा त्रास घेऊन येणारे पुरुष शेवटचा नंबर लावतात. माझं त्वचारोगाचं क्लिनिक कोल्हापुरात, शाहूपुरीत आहे. रात्री साडेआठला बाहेरची बाकं रिकामी झाली की ते आत येतात आणि खुर्चीवर एका अंगावर बसतात. हाही तसाच आला. वय २९, शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगला, घर पंचगंगेपलीकडच्या गावात, लग्नाला सात महिने. ओळख पटेल असे तपशील मी बदललेत.

कंपाउंडरला त्यानं तक्रार सांगितली होती, ‘जांघेत भाजलंय’. भाजलं होतं हे खरं. लिंगाच्या मुळाशी जुन्या रुपयाएवढी जखम, मधोमध काळीकुट्ट, कडेनं सोललेली आणि पाणी सुटलेली, भोवती बारीक फोडांची रांग. भट्टीजवळ काम करणारा माणूस, पण तापलेलं लोखंड असा काळा ठसा सोडत नाही. मी विचारलं, “बिब्बा लावलास काय?” तो फरशीकडं बघत म्हणाला, “व्हय. सुईच्या टोकानं लावणार होतो. जरा जास्त लागला.”

बिब्ब्याचं तेल कातडीला काय करतं हे आपल्याकडच्या परटांना चांगलं ठाऊक होतं. ते कपड्यांवर खूण करायला तेच वापरायचे, आणि ती खूण मानेला घासून उठलेलं खाजरं पुरळ दाखवायला लोक डॉक्टरकडं जायचे. चामखिळीवर चुना नि सोडा लावणं, घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं आणि बिब्बा टोचणं हे तिन्ही उपाय मी आजही महिन्यातून एकदा तरी बघतो. हातापायावर एक वेळ निभावून जातं. या जागेची कातडी पातळ असते, तिथं हे निभत नाही.

जखमेच्या बाजूला मूळ दुखणं जसंच्या तसं होतं. पाच-सहा मऊ, गुलाबी-करडे कोंब, फ्लॉवरच्या तुऱ्याला जसे दाणे असतात तसे खरबरीत, सगळ्यात मोठा तुरीच्या डाळीएवढा. दुखत नाहीत, खाजत नाहीत, म्हणून दोन महिने त्यानं दुर्लक्ष केलं. मग तालमीतल्या एका दोस्तानं ‘चामखीळ हाय, बिब्बा लाव’ म्हणून सांगितलं.

दोस्ताचं निदान बरोबर होतं, एवढं त्याच्या पदरात घालायला हवं. ही जननेंद्रियावरची चामखीळच. कारण ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही. तरीही या जागी उगवलेल्या प्रत्येक गोष्टीला चामखीळ म्हणून चालत नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या गरमीचे, म्हणजे सिफिलिसचे, चपटे ओलसर चट्टे अगदी असेच फसवतात, आणि ते जाळून टाकले तर आजार आत तसाच राहतो. म्हणून भिंग घेऊन नीट बघितलं, व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिसची तपासणी, आणि एचआयव्हीसाठी रक्त घेतलं. वडिलांना मधुमेह होता म्हणून साखरही बघितली. सगळं ठीक निघालं. लिंगाच्या टोकाच्या कडेला मोत्यासारख्या बारीक पुटकुळ्यांची एकसारखी ओळ होती, तिचीही त्याला धास्ती होती. ती ओळ कित्येक पुरुषांना अंगाच्या नैसर्गिक ठेवणीसारखी असते. आजार नव्हे, संसर्ग नव्हे. ती जाळून घेऊन आलेली तरणी पोरं बघितली की मला राग येतो, पोरांचा नव्हे, जाळणाऱ्याचा.

एवढं झाल्यावर त्यानं पँटच्या मागच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद काढला. भाजण्यापेक्षा मोठं दुखणं ते होतं.

कुणीतरी सुचवलं म्हणून त्यानं एका लॅबमध्ये विषाणूचा प्रकार शोधणारी पीसीआर तपासणी करून घेतली होती. अर्ध्या पगाराच्या आसपास पैसे गेले होते. रिपोर्टवर दोन ओळी जाड ठशात : एचपीव्ही ६ आढळला, एचपीव्ही १६ आढळला. त्यानं मोबाइलवर ‘१६’ टाकून बघितलं, कॅन्सर हा शब्द वाचला आणि आठ दिवस झोपला नव्हता. कॅन्सरबद्दल मात्र त्यानं पहिल्यांदा विचारलंच नाही. त्यानं विचारलं ते हे : “डॉक्टर, हे कवा लागलं असंल?”

या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, तो कुणी थेट विचारत नाही. लग्नाआधी नव्हतं, लग्नानंतर पाच महिन्यांनी आलं. मग ते कुणाकडून आलं?

आधी मी आकड्यांचा घोळ सोडवला. एचपीव्ही एक नाही. दोनशेहून जास्त प्रकार आहेत, त्यांतले चाळीसेक जननेंद्रियांच्या भागात राहतात. चामखीळ उगवते ती बहुतेक ६ आणि ११ या दोघांमुळं, दहांतल्या नऊ वेळा. हे दोघे कॅन्सर करणाऱ्यांत धरले जात नाहीत. गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमध्ये सापडतात ते १६ आणि १८, दहांतल्या सात वेळा, आणि ते कोंब उगवत नाहीत, डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणजे त्याच्या अंगावर जे दिसत होतं ते ६ चं काम होतं. १६ शेजारी गप्प बसला होता.

हे असं शेजारी शेजारी सापडणं नवलाचं नाही. एक प्रकार ज्या वाटेनं येतो त्याच वाटेनं दुसराही येतो, त्यामुळं चामखीळ असलेल्या माणसात दोन-तीन प्रकार एकदम निघतात. अंगाची ताकद ठीक असेल तर बहुतेकांच्या शरीरातून हे विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपोआप हटतात. १६ अंगात मुक्काम करून राहिलाच, तर बाईच्या गर्भाशयमुखाशी त्याचा कॅन्सर व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. आठ दिवस झोप उडवण्याजोगं त्या कागदात काही नव्हतं. पुरुषांसाठी ही तपासणी नेहमीच्या कामात करायची शिफारसही नाही, कारण उत्तर काहीही आलं तरी उपचारात तसूभर फरक पडत नाही. चामखीळ दिसते, तिच्यावर उपचार करायचा. अंगातल्या विषाणूवर औषध नाही. हे त्या लॅबवाल्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही.

आता तारीख. विषाणू शिरल्यापासून चामखीळ दिसेपर्यंत तीन आठवडेही लागतात आणि आठ महिनेही. कधी तो कातडीच्या खालच्या थरात वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि मग वर येतो. ज्याच्याकडून आला त्याच्या अंगावर एकही कोंब नसू शकतो. ज्याला आला त्याला कधी कळतही नाही. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही गाठतोच. मग ‘लग्नाआधी नव्हतं’ या वाक्याचा अर्थ फक्त ‘लग्नाआधी दिसत नव्हतं’ एवढाच राहतो.

हे सगळं ऐकून तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, भोसरीला कंपनीत होता तेव्हा एका मुलीशी वर्षभर संबंध होते. “पर त्याला सा वर्सं झाली की.” मी म्हटलं, सहा वर्षांचा हिशोब मला मांडता येत नाही आणि सात महिन्यांचाही. माझ्या मनात काय आलं ते मी बोललो नाही. अंदाज हा पुरावा होत नाही, आणि त्या खोलीत बोललेला अंदाज घरी पोचेपर्यंत निकाल होतो.

बायकोला घेऊन ये म्हटल्यावर तो चार दिवसांनी घेऊन आला. ती २४ वर्षांची, बी.कॉम. झालेली, कागलजवळचं माहेर. दोघं आत आली तेव्हा मधे एक रिकामी खुर्ची सोडून बसली, त्यावरून घरात बोलणं झालंय हे कळलं. मी नवऱ्याला बाहेर बसायला सांगितलं. माझा नियम आहे : आधी एकेकाला वेगळं ऐकायचं आणि एकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही.

दार लागल्याबरोबर ती म्हणाली, “डॉक्टर, मी काय केलोय ते तरी सांगा की.” पुण्याकडच्या वाचकांसाठी सांगतो, आमच्याकडच्या बायका ‘मी केलो, मी गेलो’ असंच बोलतात. त्यानं तिला रिपोर्ट दाखवला होता आणि विचारलं होतं, तुझं कुणी होतं काय. तिचं म्हणणं सरळ होतं. कुणी नव्हतं. आणि पुढं ती म्हणाली, “आणि असतं तर? त्याला मी विचारलो काय?”

त्याच्या भोसरीचं मी तिला सांगितलं नाही. ती माहिती माझी नव्हती. मग दोघांना एकत्र बसवून एवढंच बोललो : हा विषाणू तुमच्यातल्या कुणी आणला हे जगातली कुठलीही तपासणी सांगत नाही, पीसीआरही नाही, कारण ती फक्त आज काय आहे तेवढंच दाखवते. ज्याच्या अंगावर दिसला तो आधीचा असंही नाही आणि नंतरचा असंही नाही. नवऱ्यानं मान हलवली. बायकोनं हलवली नाही, ती त्याच्याकडं बघत राहिली. समुपदेशनाच्या पुस्तकात अशा वेळी जोडपं हलकं होऊन बाहेर पडतं. हे जोडपं तसं पडलं नाही. पण मधल्या रिकाम्या खुर्चीवर तिनं आपली पर्स ठेवली होती, ती उचलताना तिनं त्याचं हेल्मेटही उचललं.

उपचाराचं थोडक्यात. बिब्ब्याची जखम भरेपर्यंत तीन आठवडे काहीच करता आलं नाही, नुसतं मलम आणि सैल सुती चड्डी. मग सुन्न करून कॉटरीनं, म्हणजे विजेच्या चटक्यानं, कोंब काढले, वीस मिनिटांचं काम. तेव्हा धूर ओढून घेणारं यंत्र लावतो आणि जाड मास्क घालतो, कारण त्या धुरात विषाणूचे अंश सापडलेत. पुढं घरी लावायला इमिक्विमॉड क्रीम दिलं : आठवड्यातून तीन रात्री एकाआड एक, सकाळी उठल्यावर साबणानं धुऊन टाकायचं. आधीच सांगून ठेवलं की लाल होईल, चुरचुरेल. कारण हे क्रीम विषाणूला मारत नाही, तिथल्या कातडीतली प्रतिकारशक्ती जागी करतं, आणि जागी होताना ती लालच होते. रेझर बंद करायला सांगितलं, वस्तऱ्याच्या बारीक कापांतून चामखीळ रांगेनं पसरते. निरोध वापरा म्हटलं, तोही पूर्ण हमी देत नाही, कारण तो झाकत नाही तेवढ्या कातडीवरूनही एचपीव्ही जातो. सहाव्या आठवड्यात दोन नवे कोंब उगवले. तो घाबरून धावत आला. पहिल्या तीन महिन्यांत असं पुष्कळांना होतं, हे मी त्याला आधी सांगितलं होतं तरी. परत कॉटरी केली. त्यानंतर सहा महिने अंग स्वच्छ आहे.

बायकोची तपासणी माझ्या ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी केली. कोंब कुठंही नव्हते. तिनंही विचारलं, मग माझी ती १६ ची तपासणी करूया काय. बाईंनी नको म्हटलं, आणि त्या बरोबर होत्या. चोवीस वर्षांच्या बाईत एचपीव्ही सापडायची शक्यता भरपूर आणि तो आपोआप जायची शक्यताही भरपूर. घरात आणखी एक जाड ठशातला कागद येण्याखेरीज हाती काही लागलं नसतं. एचपीव्हीची ही तपासणी जागतिक आरोग्य संघटना तिशीपासून पुढं सुचवते, एचआयव्ही असलेल्या बायकांना पंचविशीपासून. नवऱ्याला चामखीळ झाली म्हणून बायकोचं ते वेळापत्रक अलीकडं ओढायचं कारण नाही.

लस मात्र तिला द्यायची ठरली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हावॅक २०२३ च्या सुरुवातीला बाजारात आली. ती ६, ११, १६ आणि १८ या चारही प्रकारांवर आहे आणि ९ ते २६ वयाच्या मुलामुलींना देता येते. अंगात आधीच शिरलेल्या प्रकारावर तिचा उपयोग नाही, पण चारांपैकी जे अजून शिरले नाहीत त्यांच्यावर आहे. त्याचं वय मुदतीच्या बाहेर, तिचं आत. पंधराच्या पुढच्यांना तीन डोस लागतात. पहिल्या डोसची तारीख ठरली आणि त्याच आठवड्यात तिची पाळी चुकली. लस बाळंतपणानंतरवर गेली. गरोदरपणात चामखीळ उगवलीच तर ती भराभर वाढते आणि पोडोफायलिन आणि इमिक्विमॉड ही चामखिळीवर लावायची दोन्ही औषधं वापरता येत नाहीत, त्यामुळं दर भेटीत बघत राहायचं ठरलं. पुढं तिला एकही आली नाही. सिझर करावं लागेल काय, हा प्रश्न दोघांनी एकाच दमात विचारला. नुसत्या या कारणासाठी करत नाहीत, वाट अडण्याएवढे कोंब असतील तरच.

इथं हे प्रकरण संपलं असं मी धरलं होतं.

सूनबाईला दिवस गेले म्हणून सासू तिच्याबरोबर शहरात यायला लागली. एकदा ती माझ्याकडं आली, पायाच्या बोटांतल्या चिखल्या दाखवायला. उसाला पाणी पाजून पाजून बेचकी पांढरी फटक पडली होती. पोराच्या आजारातलं तिला काही ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक व्हायचं कारणही नव्हतं. मलम लिहून देताना वय विचारलं, ५२. नवरा वारून अकरा वर्षं झालेली, पाळी जाऊन तीन. मी सहज विचारावं तसं विचारलं, “मावशी, पिशवीच्या तोंडाची तपासणी कधी केलीय काय?”

“मला काय झालंय? पायाचं सांगा.”

खरं तर त्या घरात एचपीव्हीची तपासणी कुणाला हवी होती, तर हिला. तिशी ते साठीच्या दरम्यानची बाई, आयुष्यात एकदाही तपासणी नाही. आपल्याच राज्यात, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलानं आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलानं मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत सुमारे १ लाख ३१ हजार बायकांवर हा अभ्यास केला. त्या सगळ्या ३० ते ५९ वयाच्या होत्या. निकाल २००९ मध्ये छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीनं पुढच्या आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. उसाच्या फडात आणि ज्वारीच्या रानात राबणाऱ्या याच बायका. त्यांच्यावरून जगानं धोरण ठरवलं, आणि पंचगंगेकाठच्या बाईला अजून ‘पायाचं सांगा’ म्हणावंसं वाटतं. आरोग्य केंद्रात आम्लाचं पाणी लावून बघायची जी साधी तपासणी होते ती पाळी गेलेल्या बाईत तितकी भरवशाची नसते, कारण बघायचा भाग आत सरकलेला असतो. म्हणून हिला एचपीव्हीचीच बरी.

मी काही फार समजावू शकलो नाही. सून पलीकडं बसली होती, तिनं समजावलं. “आत्या, मी पण येतो की संगं. पाच मिनिटांचं काम आहे, मी करून घेतलोय.” तिनं करून घेतली होती ती साधी आतली तपासणी होती. खोटं म्हणावं तर खोटं, पण मी दुरुस्त केलं नाही.

रिपोर्ट यायला दहा-बारा दिवस गेले. म्हातारीला इंग्रजी वाचता येत नाही, तिनं पोराकडं दिला, ‘डॉक्टरला दाव’ म्हणून. तो माझ्याकडं आला तो भर दुपारी, पहिल्या नंबरला, सेकंड शिफ्टच्या आधी. कागद टेबलावर उलगडून ठेवला. एचपीव्ही १६, आढळला.

आकडा त्याच्या ओळखीचा होता. त्यानं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि तिथंच राहू दिलं. आईचं वय त्याला माहीत होतं, वडील कधी गेले ते माहीत होतं. अकरा वर्षं एकटी राहिलेल्या बाईच्या अंगात हा कधीचा बसला असेल याचा हिशोब मांडायचा तर वडिलांपर्यंत आणि त्याच्याही मागं, तो स्वतः जन्मला नव्हता तिथपर्यंत जावं लागलं असतं. बाहेर कंपाउंडर पुढचा नंबर पुकारत होता.

“कवा आणू तिला?” त्यानं विचारलं.

सोमवारी कोल्पोस्कोपी झाली. भिंगातून बघून तुकडा तपासायला पाठवला, त्यात कॅन्सरआधीची पायरी निघाली, कॅन्सर नव्हे. पंधरा दिवसांनी विजेच्या तारेच्या लूपनं तेवढा भाग काढला, संध्याकाळी मावशी सुनेच्या हातचा चहा पिऊन घरी गेल्या. वर्षानं परत तपासणी आहे, तारीख पोरानं मोबाइलवर गजर लावून ठेवलीय. सुनेला मुलगी झाली, आणि सुनेला लसीचा पहिला डोस दिलाय.

चिखल्या मात्र यंदाच्या पावसाळ्यात पुन्हा आल्या. पायाला पाणी लावू नका म्हटलं, तर म्हणाल्या, “मग उसाला काय तुम्ही पाजता?”